प्रार्थनेचा विषय

मुलुंडच्या त्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या पित्ताशयात खडे झाले, कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, कुणाचा मुलगा गणितात नापास झाला, हे सगळं सगळ्यांना शुक्रवारी कळायचं. चहाड्या करणं पाप आहे हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ होतं, आणि चहाड्या कुणी करतही नसे. संध्याकाळी सातला रुक्मिणीबाई वाघचौरे यांच्या दोन खोल्यांत घरसभा भरायची. दोन गाणी, एक वाचन, आणि मग सभा चालवणारा विचारायचा, "प्रार्थनेचे विषय?" की झालं. एकेक जण नजर खाली करून आपला विषय सांगायचा, आपला नसला तर शेजाऱ्याचा सांगायचा. विषय जितका नाजूक, तितका आवाज मऊ. सभा संपली की माणसं भक्तीने आणि बातम्यांनी भरून घरी जायची.

सुगंधा अमोलिक या सभेला अठरा वर्षं येत होती आणि तिने कधी दुसऱ्याचा विषय सांगितला नव्हता. आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात ती टेलिफोनच्या बोर्डावर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा, आणि एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खोचत दिवस घालवायचा. कोणता साहेब दुसरीकडे नोकरी शोधतोय, कुणाची बायको रडतेय, कुणाला डॉक्टरने काय सांगितलंय, सगळं तिच्या कानावरून जायचं. घरी आल्यावर आई विचारायची, "काय गं, काय विशेष?" सुगंधा म्हणायची, "काही नाही. फोन आले, फोन गेले." आईला याचा फार राग यायचा.

वडील राहुरीकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते गेले तेव्हा सुगंधा एकोणीस वर्षांची होती आणि पाठीवर दोन भाऊ होते. भाऊ शिकले, नोकरीला लागले, लग्नं करून एक पुण्याला गेला आणि एक औरंगाबादला. तोवर हिचं लग्नाचं वय निघून गेलं. भावांनी त्याबद्दल पत्रातून वेळोवेळी हळहळ व्यक्त केली, एवढंच.

ती चाळीसची झाली त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी मंडळीतल्या पोरांचा तरुण संघ तिच्या गळ्यात घातला. त्याआधी तो मार्तंड मास्तरांकडे होता. मास्तर दर शनिवारी पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की पट्टी दाखवायचे. शेवटी चार पोरं उरली. त्यातली दोन मास्तरांचीच होती.

सुगंधाने पहिल्याच शनिवारी पोरांना गोल बसवलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "मला तुमची मोठी बहीण समजा. तुमच्या काय अडचणी असतील त्या सांगा." पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग एक जण म्हणाला, "ताई, समोसे किती वाजता येणार?" बाकीचे खिदळले. घरी जाऊन सुगंधा रडली, आणि आई म्हणाली, "पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला अडचण विचारतात का कधी? त्याला काम दे हातात. हात गुंतले की तोंड सुटतं."

आई एरवी कितीही कटकटी असली तरी ही गोष्ट तिने लाखाची सांगितली. सुगंधाने संघाचा कार्यक्रमच बदलला. शनिवारी पोरं आली की ती समोर ढीगभर मटार ओतायची, किंवा गाण्याच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायला द्यायची. दिवाळीनंतर बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि पातेलंभर खळ घेऊन नाताळचे तारे करायला बसायची. आणि स्वतः गप्प राहायची. बोर्डावर इतकी वर्षं काढल्यामुळे आवाजाच्या मागचा आवाज ऐकायची तिला सवय होती. कुणाची गाठ कुठे आहे ते तिला कळायचं, पण ती गाठीला हात लावायची नाही. फक्त पुढच्या शनिवारी त्या मुलाला आपल्या शेजारी बसवायची. वर्षभरात चाराची बावीस मुलं झाली. त्यांचे वाढदिवस तिने एका वहीत लिहून ठेवले होते आणि प्रत्येकाला त्या दिवशी स्वतःच्या हाताने केलेलं कार्ड मिळायचं. तिने नाताळात बाविसांना बसमध्ये कोंबून आरे कॉलनीत नेलं, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "बाई, एवढी सगळी तुमची?" सुगंधा "हो" म्हणाली आणि दिवसभर तिला तेवढ्यावरून बरं वाटत राहिलं.

माणिक हिवाळे संघात आल्यावर तिला बोलायला आठ महिने लागले. दहावीतली मुलगी, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. नकाशे सुरेख काढायची. तिचे वडील सहदेव हिवाळे मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. ट्रॉम्बेला सरकारी नोकरी, अंगाने थोराड, आणि आवाज असा की रविवारी देवळात, चर्चला सगळे देऊळच म्हणत, त्यांनी शास्त्र वाचलं की मागच्या बाकावरची म्हातारी माणसंही डुलकीतून जागी व्हायची. आई मालन त्यांच्या मागून दोन पावलं चालायची आणि सगळ्यांकडे बघून हसायची. त्या हसण्याचं सुगंधाला कधीच बरं वाटलं नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, ताऱ्याला पिवळा कागद चिकटवताना, माणिक मान वर न करता म्हणाली, "ताई, रविवारी आमच्याकडे रेडिओ मोठा लागतो ना, तो गाण्यांसाठी नसतो."

सुगंधाने खळीचा ब्रश खाली ठेवला नाही. "मग?"

"आईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून असतो. देवळातून आलो की बाबा पट्टा काढतात. ती कुणाशी बोलली, कुणाकडे बघून हसली, त्याचा हिशोब." थोडा वेळ ती कागदाच्या कडा दाबत राहिली. "माझा शेवटचा पेपर मार्चमध्ये आहे. त्या दिवशी बाबा ड्यूटीवर असतील. आई आणि मी नाशिकला मामाकडे जाणार, कायमच्या. पण आमच्याकडे फोन नाही, आणि पत्र बाबा उघडतात. मामानं तुमच्या बोर्डावर फोन केला तर चालेल?"

"चालेल."

"कुणाला सांगणार नाही ना? शपथ घ्या."

"आपल्यात शपथ घेत नाहीत, माणिक. नाही म्हटलं की नाही."

माणिकने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. तीन महिने एका बाईने तोंड बंद ठेवायचं होतं. तेवढ्यावर दोन जिवांची सुटका होती.

मामाचा फोन फेब्रुवारीत आला. सज्जन, घाबरट आवाज. तारीख ठरली, गाडी ठरली. ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाई, जपून हं. भावजींना सुगावा लागला तर ते तिला जिवंत ठेवणार नाहीत. मागं एकदा तिनं प्रयत्न केला होता, तेव्हा महिनाभर अंथरुणात होती."

त्या फोनपासून सुगंधाचं जेवण तुटलं. बोर्डावर चुकीच्या भोकात दोऱ्या जाऊ लागल्या. एकटीच्या छातीवर एवढं ओझं तिने कधी घेतलं नव्हतं. आणि मास्तर वडिलांनी लहानपणापासून मनावर बिंबवलेलं होतं की दोघातिघांनी मिळून मागितलेलं देव टाकत नाही. फोनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम माणसांसाठी होता. देवापुढे कसला नियम? प्रार्थना म्हणजे काही सांगणं नव्हे, असं तिला खरोखरच वाटत होतं. तिच्या जागी त्या मंडळीतल्या कुणालाही तसंच वाटलं असतं, आणि हेच मोठं वाईट आहे.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी हिवाळ्यांकडचं कुणी सभेला नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "सुगंधाताई, चेहरा उतरलाय तुमचा. काही विषय?" आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा सुगंधाने दुसऱ्याचा विषय सांगितला. नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "एक बहीण आणि तिची मुलगी प्रवासाला निघणार आहेत. त्यांची वाट सुखरूप व्हावी. आणि घरात जो जाच आहे तो संपावा." बोलता बोलता तिला रडू फुटलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी रुक्मिणीबाई मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, "हे प्रभू, आमच्या मालनला सांभाळ. तिच्या माणिकला सांभाळ."

हिवाळ्यांचा रेडिओ रुक्मिणीबाईंच्या घरापर्यंत ऐकू जात होता. त्यांनी दोन आणि दोन चार केले होते, बस्स. सुगंधाने डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेलेच होते आणि खोलीभर "आमेन, आमेन" चाललं होतं. सभा संपल्यावर तिने रुक्मिणीबाईंना दारात गाठलं. "कुठं बोलू नका, पाया पडते."

"अगं, मी कशाला बोलते?" रुक्मिणीबाई दुखावून म्हणाल्या.

आणि त्या बोलल्या नाहीतच, त्यांच्या मते. रविवारी उपासनेनंतर पायरीवर सहदेव हिवाळे भेटले तेव्हा रुक्मिणीबाईंनी फक्त त्यांच्या दंडावर हात ठेवला. "भाऊ, संसारात चढउतार असतातच. मालन माहेरी गेली तरी मन शांत ठेवा. आम्ही सगळे प्रार्थना करतोय हं." पुरुषाचं मन वळावं, एवढाच त्या बाईचा हेतू होता.

"करा," सहदेव हसून म्हणाले. "प्रार्थनेची गरज आहेच."

सुगंधा चार पावलांवर उभी होती. तिने माणिककडे बघितलं. माणिकने काही ऐकलं नव्हतं, ती चपला शोधत होती. त्या दुपारी हिवाळ्यांचा रेडिओ तीन तास वाजला.

मालन मोरीत पाय घसरून पडली, असं कळलं. मनगट मोडलं आणि उजव्या कानाचा पडदा फाटला. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पाळकसाहेब हॉस्पिटलात द्राक्षं घेऊन गेले. सुगंधाने त्यांना खरं काय ते सांगितलं, पोलिसांत जाऊ म्हणाली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "घरातली गोष्ट आहे, ताई. ती स्वतःच मोरीत पडले म्हणते. आपण प्रार्थना करू." तो शब्द ऐकताच सुगंधा उठून निघाली.

तिसऱ्या दिवशी बोर्डावर बाहेरचा दिवा लागला. वाण्याच्या दुकानातून माणिक बोलत होती, एका दमात. "ताई, मला आज जालन्याला आत्याकडे पाठवतायत. परीक्षा नाही द्यायची म्हणे. बाबांना सगळं ठाऊक आहे, तारीख सोडून सगळं. तुम्ही कुणाला सांगितलं?"

"मी कुणाला नाही गं सांगितलं. मी फक्त प्रार्थनेत..."

"घरी? एकटीनं?"

समोर दुसरे चार दिवे लागले होते.

"म्हणजे सांगितलंच ना, ताई," माणिक म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

वीस तारखेला ठरल्याप्रमाणे मामाचा फोन आला. सुगंधाने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही त्यांच्या कोण, बाई?"

"मी इथली ऑपरेटर," सुगंधा म्हणाली.

ती एकदा मालनच्या दारापर्यंत गेली. मालनने दार अर्धंच उघडलं, प्लॅस्टरचा हात पदराखाली होता. "तुम्ही वाईट नाही, ताई. पण आता येऊ नका." पाळकसाहेबांनी संघाचा राजीनामा घेतला नाही. पोरांत तुमच्यासारखं मिसळणारं दुसरं कोण आहे, म्हणाले. पोरं येत राहिली, तारे करत राहिली, पण त्यांना सगळं कळलं होतं. काड्या कापायची, गाणी म्हणायची, चेष्टा करायची, आणि खरं एक अक्षर बोलायची नाहीत. सुगंधाने त्यांना कधी दोष दिला नाही. तीही गप्प राहायला शिकली. शुक्रवारी विषय विचारले की ती मान हलवायची. तिचा विश्वास थंडावला, असं रुक्मिणीबाई म्हणू लागल्या, आणि त्यासाठी एकदा प्रार्थनाही झाली.

नोव्हेंबरात पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी लग्नाची सूचना वाचली. सहदेव हिवाळे यांची कन्या माणिक आणि जालन्याकडचा एक बिजवर, वय अडतीस. अशी सूचना सलग तीन रविवार वाचायची आणि कुणाची हरकत आहे का विचारायचं, ही चर्चची जुनी रीत. हरकत कधी कुणी घेतल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. पहिल्या रविवारी सुगंधाने मनात हिशोब केला. माणिकचा वाढदिवस चौदा जून, साल अडुसष्ट. वहीत होता, पाठही होता. मुलगी सतरा वर्षांची होती आणि कायदा अठराचा होता. पण मागे तोंड उघडलं तेव्हा काय झालं ते तिने बघितलं होतं. पहिला रविवार ती गप्प बसली. दुसराही.

तिसऱ्या रविवारी मालन आली होती, कित्येक महिन्यांनी. लोकांना दिसावं म्हणून सहदेवांनीच आणली असणार. ती सुगंधाच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसली. सूचना वाचून झाली तशी ती डावा कान पुढे करत सुगंधाकडे वळली. "माणिकचं नाव घेतलं का त्यांनी? कशाबद्दल?"

तिला सांगितलंच नव्हतं. पोटच्या पोरीचं लग्न, आणि आईला पत्ता नव्हता.

"या विवाहास कुणाची हरकत असल्यास..." पाळकसाहेब सवयीने म्हणत होते आणि पुढच्या कागदाकडे वळतही होते.

"माझी आहे," सुगंधा उभी राहून म्हणाली. "मुलगी सतरा वर्षांची आहे. बाप्तिस्मा याच देवळात झालाय. कपाटात रजिस्टर आहे, उघडून बघा."

सहदेव हिवाळे सावकाश वळले. "सुगंधाबाई, बसा."

"नाही बसणार. नाहीतर मी इथून सरळ पोलीस चौकीत जाते."

घरातली गोष्ट म्हणून पोलिसांना टाळणारे पाळकसाहेब देवळातल्या गोष्टीला मात्र घाबरले. दीडशे माणसांसमोर रजिस्टर उघडलं गेलं. जन्म चौदा जून एकोणीसशे अडुसष्ट. लग्न पुढच्या जूनपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे, असं त्यांनी पडलेल्या आवाजात जाहीर केलं. त्या दुपारी रेडिओ लागला. सुगंधा रस्त्यावर उभी राहून तो ऐकत होती. मग तिने जाऊन दार वाजवलं, उघडेपर्यंत वाजवलं, शेजारपाजारची दारं उघडेपर्यंत वाजवलं. रेडिओ बंद झाला. तेवढ्या दिवसापुरता.

सहदेव दोन महिने देवळात आले नाहीत, मग काही झालंच नाही अशा थाटात यायला लागले. माणसं विसरली. त्यांचा आवाज चांगला होता ना.

शहाऐंशीच्या जूनमध्ये, एका बुधवारी, कारखान्याच्या पत्त्यावर एक आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर नकाशावरच्या नावांसारखं, बारीक आणि सरळ. सुगंधाने ते बोर्डाच्या खाली धरून वाचलं.

"ताई, हरकत तुम्ही घेतली हे आत्यानं शिव्या देत सांगितलं. शनिवारी मी अठरा पूर्ण करते. त्या दिवशी मामा मला न्यायला येतोय. बाबा सकाळच्या ड्यूटीवर असतील. आईला दहाच्या गाडीत तुम्ही बसवून द्या, नाशिकला मी उतरवून घेईन. तिला आधी सांगू नका, ती घाबरेल. त्याच सकाळी सांगा, डाव्या कानात. दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला लिहिते. आणि ताई, या वेळी कुणाला प्रार्थना करायला सांगू नका."

शुक्रवारी घरसभा होती. गेली नसती तर कुणी तरी का नाही आली म्हणून विचारलं असतं, तेव्हा ती गेली. पाळकसाहेब गावाला गेले होते, म्हणून सभा सहदेव हिवाळे चालवत होते. मालन कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, सगळ्यांकडे बघून हसत. सहदेवांनी आपल्या भरदार आवाजात वाचन केलं, पुस्तक मिटलं आणि विषय विचारले. रुक्मिणीबाईंचा गुडघा झाला. कुणाच्या बदलीचा विषय झाला. मग ते सुगंधाकडे वळले.

"आणि सुगंधाबाई? तुमचा काही विषय?"

पत्र तिच्या पर्समध्ये होतं आणि पर्स मांडीवर होती. तिने दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि सहदेवांच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "माझा काही विषय नाही."